कळसाआडचा सूर्य: २०२२ च्या ग्रस्तास्त ग्रहणाचं बेळगावजवळ केलेलं छायाचित्रण

पार्श्वभूमी

२०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आणि पाडवा २६ ला आला. मधला मंगळवार ग्रहणानं खाल्ला. ग्रहण खंडग्रास होतं आणि भारतातून ते संपण्याआधीच सूर्य मावळणार होता. पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त. बेळगावात स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, संध्याकाळी पाचच्या आसपास, मध्य पावणेसहाच्या पुढेमागे आणि सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमाराला. सूर्याचा थोडाच भाग झाकला जाणार होता. खगोलशास्त्राच्या दृष्टीनं त्यात फारसं काही नव्हतं, पण कॅमेरावाल्यांना ते हवं होतं, कारण ग्रहण लागलेला सूर्य जमिनीवरच्या एखाद्या वस्तूला टेकवून टिपण्याची संधी फार क्वचित मिळते.

या प्रकरणातली दोन माणसं नात्यानं मामा-भाचे, आणि इथं त्यांना तेवढंच म्हणू. मामा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आकाशाचा नाद जुना, कॅमेऱ्याचा नवा. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाची कंकणाकृती पट्टी केरळ, कोडगू आणि तमिळनाडूतून गेली. बेळगावात ते सकाळचं खंडग्रास होतं. त्या वेळी मामांनी वेल्डिंगच्या काचेतून फोटो काढले होते. सूर्य हिरवा आला आणि एकाचे दोन दिसले. २१ जून २०२० चं ग्रहण पावसाळ्याच्या तोंडावर आलं, त्यात त्यांच्या हाती काही लागलं नाही. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्याकडे साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरचा झूम. मामांकडे जुना ब्रिज कॅमेरा, म्हणजे न बदलता येणाऱ्या लांब झूमचा, पूर्ण चौकटीच्या (३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या) हिशेबानं १२०० मिलिमीटरपर्यंत जाणारा.

दोघांच्या डोक्यात फोटो वेगवेगळा होता. मामांना पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सूर्यबिंबाची मालिका हवी होती: चंद्र कसा आत सरकतो, कुठल्या अंगानं. भाच्याला देवळाच्या शिखराशेजारी चावा घेतलेला लाल गोळा हवा होता. जांबोटीच्या वाटेवर एका गावात मामांची सासुरवाडी. तिथलं देऊळ शिवाराच्या पश्चिम टोकाला आहे आणि पूर्वेला भाताची सपाट शेतं. भाच्यानं दसऱ्यापासून ती जागा मनात धरून ठेवली होती.

अडचण

अडचणीच्या मुळाशी प्रकाशातला फरक होता. सूर्याचा फोटो घ्यायचा तर भिंगाच्या पुढं सौर फिल्टर लागतोच. दृश्य निरीक्षणासाठी मिळणारी चंदेरी फिल्म ५ घनतेची असते, म्हणजे लाखातला एक भाग प्रकाश आत येतो. तेवढ्यात सूर्य सुरेख येतो आणि बाकी सगळं काळं. आकाशही काळं. त्यामुळं शिखराची काळी आकृतीसुद्धा उमटत नाही, कारण काळ्यावर काळं काय दिसणार? फिल्टर काढला तर शिखर मिळतं, पण सूर्य अजून तळपत असेल तर चित्रात पांढरा डाग उरतो, चावा त्यात विरघळून जातो, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असेल तर पडदा भाजतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजताना काही जाणवतही नाही.

म्हणजे फिल्टर कधी काढायचा, हा खरा प्रश्न. बहुतेक जण त्याचं उत्तर डोळ्यांनी देतात: सूर्य लाल झाला, बघवतोय, आता काढा. मला हे उत्तर पटत नाही. क्षितिजाजवळ निळा प्रकाश हवेत विखरून जातो, लाल आणि त्यापलीकडची उष्णता त्या मानानं कमी अडते. सूर्य ‘बघवतो’ म्हणजे तो ३०० मिलिमीटरच्या भिंगातूनही निरुपद्रवी झाला असं नव्हे. शिवाय हवा रोज वेगळी असते. डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या तेरा-चौदा पट थरातून तो साडेतीन अंशांच्या उंचीवर येतो, आणि क्षितिजावर अडतीस-चाळीस पट. त्या थरात धूळ किती, बाष्प किती, आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर किती, यावर सगळं ठरतं.

दुसरी अडचण माणसांची. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, त्यामुळं देऊळ पहाटेपासून बंद. त्या दिवशी देवळाकडं कॅमेरा रोखून बसलेली माणसं गावाला चालतील का, हे विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. ज्यांच्या बांधावर उभं राहायचं त्यांची सून गरोदर होती, म्हणजे त्या घरात ग्रहण पाळलं जाणार हे ठरलेलंच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घरच्या गच्चीचा. बेळगावच्या शहापूर भागातली गच्ची, फिल्टर लावून दोन्ही कॅमेऱ्यांनी फक्त बिंब. कष्ट कमी, मामांची मालिका नक्की. पण भाच्याच्या फोटोचं नावच नाही.

दुसरा गोव्याचा. चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर जायचं, समुद्रावरचं मोकळं क्षितिज घ्यायचं. भाच्याला तो फार आवडला होता. दिवाळीत घर सोडून गोव्याला, यावर मामींनी जे म्हटलं ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. तो पर्याय तिथंच संपला.

उरले ते गावातलेच दोन, आणि त्यांच्यात खरी तुलना झाली. ती अंतराची होती.

सूर्यबिंबाची आकाशातली रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. कुठल्याही वस्तूपासून जितकं लांब उभं राहावं, त्या अंतराच्या साधारण एकशेसाताव्या भागाइतकं बिंब तिच्याशेजारी मोठं दिसतं. देवळाच्या शिखराचं टोक जमिनीपासून १२ मीटर. मामांनी ते काठी आणि सावलीच्या प्रमाणावरून काढलं. ६०० मीटरवर उभं राहिलं तर बिंब साडेपाच मीटरचं दिसतं, शिखराला शोभेल असं. पण तिथून शिखराचं टोक क्षितिजावर फक्त सव्वा अंशाच्या आत दिसतं, म्हणजे सूर्य तिथं टेकणार पाच अठ्ठावन्नला, मावळण्याच्या सातेक मिनिटं आधी. त्या उंचीवर सूर्य मंद झालेला असतो, फिल्टर काढून शिखरासकट फोटो घेता येण्याची शक्यता चांगली. धोका एकच: पश्चिमेला सह्याद्री, आणि ऑक्टोबरअखेर घाटमाथ्यावर ढगांचा पट्टा बसतो. त्या वर्षी नैऋत्य मोसमी पाऊस देशातून पूर्णपणे माघारी गेल्याचं हवामान खात्यानं २३ ऑक्टोबरला जाहीर केलं होतं. शिवारं ओली होती, हवेत बाष्प होतं.

२०० मीटरवर उभं राहिलं तर टोक साडेतीन अंशांवर येतं. सूर्य तिथं पाच अठ्ठेचाळीसला, म्हणजे जवळजवळ ग्रहणमध्यालाच. ढगाच्या वर राहण्याची शक्यता जास्त. पण बिंब १.९ मीटरचं, १२ मीटरच्या देवळापुढं लहान टिकलीएवढं, आणि इतकं तेजस्वी की फिल्टर काढायचा प्रश्नच नाही.

दोघांनी ६०० मीटर निवडलं. माझ्या मते त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर ही निवड चुकीची नव्हती. चुकलं ते एवढंच की २०० मीटरची जागा नकाशावर खूण करून सोडून दिली, तिथं कुणी जाऊन उभं राहिलं नाही.

तयारी

फिल्टरबद्दल आधी वाद झाला. भाच्याचं म्हणणं, उद्यमबागेत वेल्डिंगच्या काचा हव्या तेवढ्या मिळतात, फिल्म कशाला मागवायची? मामांचा २०१९ चा हिरवा सूर्य त्याला दाखवून झाला होता, तरी तो काच घेऊन आलाच. ती निघाली ११ नंबरची, आर्क वेल्डिंगची. सूर्याकडे बघायला १४ नंबर लागतो आणि तो नेहमीच्या दुकानात सहसा नसतो. शिवाय त्या काचेचे दोन्ही पृष्ठभाग भिंगाच्या दर्जाचे नसतात, म्हणून तर एकाचे दोन सूर्य झाले होते. फिल्म मागवली गेली.

फिल्टरची रिंग मामांनी स्वतः केली, आणि या सगळ्या प्रकरणातलं ते सगळ्यात नीट झालेलं काम आहे. नायलॉनचा गोळा लेथवर लावून भिंगाच्या बाहेरच्या व्यासाहून मिलिमीटरभर मोठी रिंग टर्न केली, आत मखमलीची पट्टी चिकटवली, बाजूनं तीन नायलॉनचे स्क्रू. आट्याची रिंग त्यांनी मुद्दाम टाळली. फिरवून काढताना फोकसची कडी हलते आणि घाईत आटे अडकतात. सरकवून बसणारी रिंग एका हातानं निघते, आणि स्क्रू असल्यामुळं वाऱ्यानं पडत नाही. फिल्म ताणली नाही, थोड्या सुरकुत्या राहू दिल्या. त्यानं चित्र बिघडत नाही, ताणल्यानं मात्र फिल्म फाटू शकते. नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरून भोकं नाहीत ना ते पाहिलं.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर काळी चिकटपट्टी लावून टाकली. डोळा लावायचा मोहच नको, जे बघायचं ते मागच्या पडद्यावर. आणि फिल्टर काढण्याचा नियम मामांनी वहीत लिहून भाच्याकडून वाचून घेतला: सूर्याची खालची कड शिखराच्या टोकाला टेकल्यावरच फिल्टर निघेल, निघाल्यावर दोन फोटोंच्या मधे भिंगावर टोपी असेल, आणि टोपीशिवाय दहा सेकंदांवर भिंग उघडं राहणार नाही. रंगाचा, बघवण्याचा उल्लेख त्यात कुठंच नव्हता. वर्कशॉपमध्ये मापावर काम करणाऱ्या माणसाचा नियम तो.

रविवारी, २३ तारखेला, रंगीत तालीम झाली. सोमवारी लक्ष्मीपूजन, तेव्हा संध्याकाळी घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. दोन दिवस आधी तालीम करण्यात एक गोम असते. ऑक्टोबरअखेर सूर्य मावळण्याची जागा दररोज एक तृतीयांश अंशाहून थोडी जास्त दक्षिणेला सरकते. ६०० मीटरवर दोन दिवसांचा फरक साडेसात मीटरच्या घरात जातो. सूर्य डावीकडे सरकणार, म्हणून कॅमेरा उजवीकडे न्यायचा. मामांनी बांधावर दोन खुंट्या ठोकल्या, एक रविवारची आणि एक मंगळवारची. ग्रहणाचा चावाही उजव्या अंगाला येणार होता, कारण या वेळी चंद्र सूर्याच्या उत्तरेकडून जात होता आणि पश्चिमेकडं तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला येते. तेव्हा शिखर बिंबाच्या डाव्या कडेला ठेवायचं, नाहीतर चावा शिखराआड जायचा.

त्याच दिवशी मामा गुरवांना भेटले. गुरव म्हणाले, “आवारात कुणी यायचं नाही, पायरीला शिवायचं नाही. शिवारातनं काय करायचं ते करा की, मिस्त्री.” शेताच्या मालकीणबाईंची अट वेगळी होती: कॅमेऱ्यातलं काही सुनेला दाखवायचं नाही, आणि घराच्या बाजूला उभं राहायचं नाही. मामांनी दोन्ही मान्य केलं. गरोदर बाईला ग्रहणानं काही होत नाही, हे तिथं सांगायला हवं होतं असं आमच्यातल्या काहींचं मत आहे. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या बांधावर तासाभरासाठी जागा मागायला गेलेल्या माणसानं त्या घराला शिकवायला बसणं बरं दिसत नाही, आणि जागा गेली असती ते वेगळंच.

पंचवीस तारखेची संध्याकाळ

भाताची सुगी तोंडावर होती, पण ग्रहणामुळं शिवारात कापणीला कुणी नव्हतं. बांध मऊ. ट्रायपॉडच्या पायांखाली फळकुटं ठेवली, नाहीतर एका बाजूला कलंडत होता. पाचला दोन्ही कॅमेरे फिल्टरसकट लागले. स्पर्शानंतर पहिली खाच खालच्या उजव्या अंगाला दिसली. मामांनी सूर्याच्या कडेवर हातानं फोकस साधला, कडी टेपनं चिकटवून टाकली आणि मालिका सुरू केली.

सव्वापाचला गावातली पोरं आली. ही गोष्ट कुणी हिशेबात धरली नव्हती. घरातल्यांचा डोळा चुकवून सात-आठ जण, त्यातलं एक थेट ब्रिज कॅमेऱ्यापुढं. ग्रहण बघायचा चष्मा एकच. मामांनी मालिका थांबवली. खिशातल्या आरशावर कागद चिकटवला, त्याला बोटाच्या नखाएवढं भोक पाडलं आणि उन्हाचा कवडसा दहा मीटरवरच्या शेतघराच्या सावलीतल्या भिंतीवर पाडला. दहा मीटरवर बिंब नऊ सेंटिमीटरच्या पुढं येतं, चावा स्वच्छ दिसतो, आणि कुणालाही वर बघावं लागत नाही. पोरं भिंतीला चिकटली. आरसा कुणी धरायचा यावर भांडणही झालं. पण मामांची मालिका पाच पस्तीसपर्यंत तुटली ती तुटलीच. त्या काळातला एकही फोटो नाही.

पाच पस्तीसला खरा निर्णय आला. घाटाच्या बाजूला करडा पट्टा दिसू लागला होता. हात लांब करून चार बोटं आडवी धरली की साधारण सात अंश होतात. त्या मापानं पट्ट्याची वरची कड क्षितिजापासून सव्वा ते दीड बोट. म्हणजे दोन-अडीच अंश. ६०० मीटरवरून सूर्य शिखराला टेकणार होता सव्वा अंशाच्या आत. पट्टा पातळ असेल तर त्यातून लाल बिंब दिसेल, कदाचित आणखी सुंदर. जाड असेल तर काहीच नाही.

मामांनी विचारलं, “थांबालास की जालास?” भाच्यानं क्षणभर पट्ट्याकडं बघितलं आणि ट्रायपॉड खांद्यावर घेतला. मामा जागेवर राहिले. दोघंही हलले असते तर उरलेली मालिकाही गेली असती, तेव्हा ही वाटणी बरोबर होती.

चारशे मीटर बांधावरून जायला त्याला सहा मिनिटं लागली. तिथं खुंटी नव्हती. नेमकं कुठं उभं राहायचं? सूर्याकडं बघून अदमास घेण्यापेक्षा त्यानं शिखराची सावली शोधली. सावलीत उभं राहणं म्हणजे शिखर आणि सूर्याच्या रेषेतच उभं राहणं. पण इतक्या लांबवर कळसाला स्वतःची सावली उरत नाही. कळस मीटरभराचा आणि तिथून सूर्य १.९ मीटरचा, त्यामुळं कळसाच्या दोन्ही बाजूंनी उजेड येतो आणि सावली पुसली जाते. शिखराच्या धडाची पुसट पट्टी भातावर दिसत होती, तिचा मध्य धरून तो उजवीकडे पाऊलभर सरकला.

पाच चव्वेचाळीसला त्यानं फोन केला. “मामा, सूर्य लाल दिसालाय. चष्म्याशिवायबी बघवालाय. फिल्टर काढू काय?”

“कुठल्या जागेचा नियम लिवलाय आपण?”

“सहाशेच्या.”

“मग? तिथं टेकताना तो सव्वा अंशावर असणार होता. तुझ्यापुढं साडेतीनवर हाय. काढायचा नाही. कळस बिंबात घे, आन् चावा उजव्या हाताला मोकळा ठेव.”

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. जागा बदलली तेव्हा नियमाचं कारण बदललं होतं. भाच्याला नियम पाठ होता. तो नियम कशावर उभा आहे ते मामांना ठाऊक होतं. फोन लागला नसता तर भाच्यानं बहुधा फिल्टर काढला असता. व्ह्यूफाइंडर बंद असल्यानं डोळा वाचला असता, फोटो मात्र पांढरा आला असता.

मग पुढची दोन मिनिटं. फिल्टरमधून शिखर दिसतच नाही, त्यामुळं पडद्यावर फक्त तांबूस बिंब, आणि कळस कधी येतो याची वाट बघायची. पाच सत्तेचाळीस झाल्यावर बिंबाच्या खालच्या कडेला दुसरी खाच उमटली, टोकदार. बिंबाला स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला दोन मिनिटांहून थोडंच जास्त लागतं. भाच्याचे पहिले फोटो काळपट आले, कारण शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, अजून सव्वापाचच्या मापावर होता. तेव्हा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ (भिंगाचं छिद्र) वर १/३२० सेकंद पुरत होता, आता १/३० लागत होता. त्यानं आयएसओ ८०० करून शटर १/२५० वर आणला आणि भराभर फोटो घेतले.

पाच बावन्नला सूर्य पट्ट्यात गेला आणि परत दिसला नाही. पाच अठ्ठावन्नला मामा आपल्या खुंटीजवळ उभे होते. त्यांच्यासमोर करडं आकाश आणि शिखर.

निष्पत्ती

भाच्याच्या हाती एक चित्र लागलं, जे कुणी योजलं नव्हतं: काळ्या चौकटीत केशरी बिंब, उजव्या अंगाला चंद्रानं घेतलेला गोल चावा, आणि खालून डावीकडं वर आलेली कळसाची बारीक काळी आकृती, तिच्या गोलाव्यासकट. देऊळ नाही, भात नाही, गाव नाही. ३०० मिलिमीटरच्या भिंगात बिंब चौकटीच्या उंचीच्या पाचव्या भागाएवढंच येतं, म्हणून ते कापून मोठं करावं लागलं आणि थोडा दाणेदारपणा आला. तरी चंद्राची कड आणि कळसाची कड यांतला फरक ओळखू येतो. चंद्राची धार स्वच्छ आहे, कळसाची खालच्या हवेनं थरथरलेली.

मामांच्या मालिकेत वीस मिनिटांची पोकळी आहे. त्यांनी ती भरली नाही. फोटो ओळीत लावताना तिथं रिकामी जागा सोडली आणि वहीत लिहिलं, ‘पोरं’.

पाडव्याच्या दिवशी भाच्यानं आणखी एक चित्र केलं. संधिप्रकाशात त्याच जागेवरून काढलेलं शिखर, आणि त्याच्याशेजारी मामांच्या ब्रिज कॅमेऱ्यातला सूर्य आणून बसवलेला. घरच्या ग्रुपवर त्याचं मोठं कौतुक झालं. मामांनी ते पाहिल्याबरोबर फोन केला. ब्रिज कॅमेऱ्यात बिंब चौकटीच्या निम्म्याच्या जरा खाली भरतं, डीएसएलआरमध्ये पाचवा भाग. चौकट जशीच्या तशी जोडल्यानं सूर्य खऱ्याच्या अडीच पट झाला होता. खऱ्या फोटोत कळस बिंबाच्या निम्म्याएवढा, जोडलेल्यात पाचव्या भागाएवढा. चित्र पुसायला मामांनी सांगितलं नाही. खाली ‘दोन फोटो जोडले आहेत, सूर्य मोठा केला आहे’ असं लिहायला लावलं. तशी ओळ आल्यावर कौतुक थोडं ओसरलं, पण अशा चित्रांतला सूर्य मोजायचा कसा हे ग्रुपवरच्या निदान तिघांनी विचारून घेतलं.

गावात कुरबुर झाली नाही. आठवड्याभरानं मामा कळसाचा फोटो छापून गुरवांना द्यायला गेले, ग्रहण सुटून बराच काळ लोटल्यावर. त्यांनी तो घेतला, पण देवळात लावणार नाही म्हणाले. मालकीणबाईंनी आरशाचं ऐकलं होतं. पुढच्या वेळी आणाल तेव्हा दोन आणा म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

तिसरा माणूस हवा होता. कॅमेऱ्यासाठी नाही, पोरांसाठी. दिवाळीच्या सुट्टीत, गावाजवळ, ट्रायपॉड लावून बसलं की पोरं येणारच, आणि त्यांना हाकलण्यापेक्षा आरसा देणं शहाणपणाचं. मग तो आरसा कुणीतरी सांभाळायला हवा. ते जमणार नसेल तर मालिकेपुरता आपोआप फोटो घेणारा टायमर लावून ठेवता आला असता. सूर्य मिनिटाला पाव अंश सरकतो. १२०० मिलिमीटरला दर दोन-तीन मिनिटांनी कॅमेरा हलवावा लागतो, तेव्हा टायमर लावला तरी झूम निम्म्यावर आणावा लागला असता. मामांना ते मान्य नाही. पोकळी चालेल, लहान बिंब नको, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या जागेची तालीम रविवारीच व्हायला हवी होती. २०० मीटरवर खुंटी असती तर सावली शोधण्यात गेलेली मिनिटं शटर नीट करायला मिळाली असती. मी स्वतः ३५० मीटरवर एक मधली जागाही पाहिली असती. तिथून टोक दोन अंशांवर येतं आणि बिंब सव्वातीन मीटरचं. त्या दिवशीच्या पट्ट्यात तीही बुडाली असती, पण पट्टा दरवेळी तेवढाच उंच नसतो.

फिल्टरचा नियम उंचीच्या अंशांत लिहायला हवा होता. ‘शिखराला टेकल्यावर’ हे माप जागेबरोबर बदलतं. ‘दीड अंशाच्या खाली’ हे बदलत नाही. मामांनी आता वहीत तशी दुरुस्ती केली आहे, आणि शेजारी दर पाच मिनिटांना सूर्य किती अंशांवर असेल त्याचं कोष्टक आखायचं ठरवलं आहे.

३.८ घनतेच्या फिल्मवर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही. ती फक्त छायाचित्रणासाठी असते. ५ घनतेच्या फिल्मपेक्षा सोळा पट प्रकाश आत घेते, त्यामुळं खाली उतरलेल्या सूर्याला १/३० ऐवजी १/५०० मिळाला असता आणि आयएसओ वाढवावा लागला नसता. पण तिच्यातून डोळ्यानं बघायचं नाही, आणि दोन फिल्म दिसायला सारख्याच. मामांचं म्हणणं, एका पिशवीत दोन सारख्या रिंगा, त्यातली एक डोळ्याला घातक, ही वर्कशॉपमध्ये अपघाताची व्याख्या आहे. भाच्याचं म्हणणं, रिंग लाल नायलॉनची करा. लाल नायलॉनचा तुकडा मामांनी आणून ठेवलाय, अजून लेथवर चढवलेला नाही.

बेळगावला पुढचं खंडग्रास २ ऑगस्ट २०२७ ला, दुपारनंतर. त्या दिवशी खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जाईल. ऑगस्टमध्ये जांबोटीच्या बाजूला सूर्य दिसण्याची आशा धरणं कठीण, त्यामुळं मामांनी त्यासाठी पूर्वेकडं, अथणीच्या कोरड्या बाजूला कुणी ओळखीचं आहे का याची चौकशी सुरू केली आहे. तिथं शिखर नको, मोकळा माळ पुरे, असं त्यांनी आत्ताच सांगून टाकलंय. भाचा अजून गप्प आहे.